दृढीकरण संस्कार : कोण कोणास दृढ करतो?

"दृढीकरण म्हणजे काय?" असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या तासाला विचारला असता मुलांकडून बहुधा एकच उत्तर मिळते. "आम्ही तान्हे असताना आईबापांनी आमचा बाप्तिस्मा करविला, आता आम्ही जाणते झालो, म्हणून तो विश्वास आम्ही स्वतः पक्का करतो." उत्तर नीटनेटके आहे, आणि त्यात सत्याचा अंश नाही असेही नाही. पुष्कळ पालकही मुलांस असेच पढवितात. परंतु जी मुले सकाळच्या तासाला कर्ता, कर्म आणि क्रियापद अचूक ओळखतात तीच दुपारी हे उत्तर देतात, याचे नवल वाटते. कारण या वाक्यात कर्ताच चुकलेला आहे.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम शब्दाचीच फोड करून पाहू. 'दृढ' या विशेषणास 'करण' जोडताना मध्ये जो दीर्घ 'ई' येतो तो उगीच आलेला नाही. शुद्धीकरण, एकीकरण, दृढीकरण या सर्व शब्दांत तो आहे, आणि जे पूर्वी तसे नव्हते ते तसे करणे, असा अर्थ तो दाखवितो. संस्कृत घेतलेल्या वरच्या वर्गांतील मुलांस हा च्वि प्रत्यय ठाऊक असेल. पाण्याचे शुद्धीकरण होते तेव्हा पाणी स्वतःस गाळीत नाही. गाळणारा निराळा असतो. त्याचप्रमाणे जो अजून दृढ नाही तोच स्वतःस दृढ करील, हे कसे संभवावे? आपली रोजची बोलीही याची साक्ष देते. "माझे दृढीकरण झाले," "मला दृढीकरण मिळाले," असे आपण म्हणतो. कोणी "दृढीकरण घेतले" म्हणतो तेव्हाही देणारा गृहीत असतोच. "मी दृढीकरण केले" असे मात्र कोणी म्हणत नाही.

तो करणारा, तो देणारा, म्हणजे पवित्र आत्मा होय. कॅथलिक ख्रिस्तसभा मानते त्या सात संस्कारांपैकी बाप्तिस्मा, दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद या तिहींवर ख्रिस्ती जीवनाचा पाया घातला जातो. बाप्तिस्म्याने मनुष्यास नवा जन्म मिळतो. त्यात काही उणे राहिले म्हणून दृढीकरण द्यावे लागते असे कोणी समजू नये. जन्मलेले मूल पुरते मूलच असते. तथापि त्याने पुढे वाढावे, बळकट व्हावे, घराबाहेर पडून घराचे नाव राखावे, हे निराळे. त्यासाठी बाप्तिस्म्यात आलेल्याच आत्म्याचे दान दृढीकरणात विपुलतेने मिळते व आत्म्यावर एक अमिट खूण उमटते. म्हणूनच हा संस्कार आयुष्यात एकदाच दिला जातो, दुसऱ्यांदा देता येत नाही.

स्वतःच्या निश्चयाने स्वतःस पक्के करणे किती दूरवर पुरते, हे पेत्राच्या चरित्रावरून पाहावे. अखेरच्या भोजनाच्या रात्री त्याने प्रभूस वचन दिले की बाकीच्यांनी सोडले तरी मी सोडणार नाही. वचन खोटे नव्हते. मनापासून दिले होते. परंतु त्याच रात्री, महायाजकाच्या वाड्यातील अंगणात शेकोटीपाशी बसला असता, एका दासीने "तूही त्याच्याबरोबरचाच ना?" अशा अर्थाचा साधा प्रश्न केला, आणि तेवढ्याने तो निश्चय ढासळला. राजाच्या दरबारी किंवा तरवारीच्या धाकाने नव्हे, तर एका मोलकरणीच्या प्रश्नाने! तीन वेळा त्याने प्रभूस नाकारले. यानंतर सुमारे पन्नास दिवसांनी, ज्यास आपण पेंटेकॉस्टचा सण म्हणतो त्या दिवशी, तोच पेत्र यरुशलेमेत जमलेल्या लोकांपुढे उभा राहून बोलला आणि त्या एका दिवसात सुमारे ३,००० लोकांनी बाप्तिस्मा घेतला. मधल्या सात आठवड्यांत त्याने कोठे वक्तृत्वाचा अभ्यास केला नव्हता, किंवा त्याचा स्वभावही पालटला नव्हता. वरून पवित्र आत्मा आला होता, एवढाच काय तो फरक.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आणखी एक प्रसंग आहे, तो या संस्कारास अधिक जवळचा आहे. फिलिपाने शोमरोन प्रांतात उपदेश केला व पुष्कळांस बाप्तिस्मा दिला. ही वार्ता यरुशलेमेत कळताच प्रेषितांनी पेत्र व योहान यांस तिकडे पाठविले. त्यांनी त्या नव्या मंडळीसाठी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेविले आणि त्यांस पवित्र आत्मा प्राप्त झाला. येथे हस्तारोपण बाप्तिस्म्याहून वेगळे आहे, हे उघड दिसते. पण दुसरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. प्रेषित दुरून चालून आले. एका कोपऱ्यातील लहानशी मंडळी साऱ्या ख्रिस्तसभेशी जोडली गेली, आणि ती प्रेषितांच्या हाताने. आजही दृढीकरणाचे मूळ अधिकारी बिशप असतात ते याच कारणाने. ते प्रेषितांचे वारस होत.

आमच्या वऱ्हाडातील लोकांस ही दुसरी गोष्ट विशेष कळावी. संत फ्रान्सिस डि सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या मिशनरी संघाचे धर्मगुरू युरोपातील सावॉय प्रांतातून १८४६ साली विशाखापट्टणास आले, आणि तेथून त्यांचे कार्य नागपूर-कामठीकडे पसरले. १८८७ साली नागपूर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. १९५३ साली तो महाधर्मप्रांत झाला, व १९५५ साली त्यातून अमरावतीचा धर्मप्रांत वेगळा निघाला. त्याचे पहिले बिशप जोसेफ रोझारियो हे १९६४ पर्यंत येथे होते. पुढे ते नागपूरचे महाबिशप झाले. म्हणजे १९५५ पूर्वी अमरावती-अकोल्याच्या मुलांस आपल्या बिशपांची वाट नागपूरच्या दिशेने पाहावी लागे. भुसावळकडे जाणारी गाडी बडनेऱ्यास थांबावी आणि तिच्यातून एक पाहुणा उतरावा, तेव्हा हा संस्कार व्हावा! शोमरोनातील लोकांची स्थिती याहून फार निराळी नव्हती. आज चिखलदऱ्याच्या डोंगरातील मरियमपूरचे कोरकू मूल आणि अकोल्याच्या रेल्वे चाळीतले मूल एकाच बिशपांच्या हाताखाली एकाच तेलाने अभिषिक्त होते. दोघांची भाषा वेगळी, कपडे वेगळे. पण त्यांच्या कपाळावरील खूण एकच.

आता तेलाविषयी. या संस्कारात वापरावयाच्या तेलास क्रिझम म्हणतात. ऑलिव्हच्या, किंवा ते दुर्मिळ असल्यास दुसऱ्या वनस्पतीच्या तेलात बाल्सम नावाचा सुगंधी डिंक मिसळून ते सिद्ध करतात. पवित्र गुरुवारी, अथवा त्याच्या अलीकडील एखाद्या सोयीच्या दिवशी, बिशप आपल्या सर्व धर्मगुरूंसमवेत मिस्सा अर्पून ते पवित्र करतात. क्रिझम पवित्र करण्याचा अधिकार केवळ बिशपांचा आहे. यास्तव प्रसंगवशात दृढीकरण एखाद्या धर्मगुरूने दिले तरी त्यातील तेल बिशपांकडूनच आलेले असते. तेल कशाचे चिन्ह, हे अमरावतीच्या मुलांस सांगावयास नको. ज्या गावात १९१४ पासून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे आहे, त्या गावच्या मुलांनी आखाड्यात अंगास तेल चोळणारे मल्ल पाहिलेले असतात. तेलाने अंग लवचिक होते, जखम निवते, चेहरा उजळतो. पूर्वी राजांस व याजकांस अभिषेक तेलानेच करीत. 'ख्रिस्त' या शब्दाचा अर्थही 'अभिषिक्त' असाच आहे.

परंतु तेलाहूनही मुद्रेचा दृष्टान्त मला अधिक पटतो. इतिहासाच्या पुस्तकात मराठेशाहीतील मोडी पत्रांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपला तेथे मोर्तब, अशी रीत होती. मोर्तब उठले म्हणजे पत्र पुरे झाले, त्यात कोणास काही घुसडता येत नाही, आणि ते कोणाचे हे ओळखता येते. दृढीकरणाच्या वेळी बिशप अंगठ्याने मुलाच्या कपाळावर क्रिझमने क्रूस रेखतात आणि पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा तू स्वीकार, अशा अर्थाचे शब्द उच्चारतात. मूल "आमेन" म्हणते. आता सांगा, कोणते पत्र स्वतःवर शिक्का मारून घेते? शिक्का धन्याचा असतो, आणि पत्रही धन्याचे असते. बाप्तिस्म्याच्या दिवशी लिहिलेल्या पत्रावर दृढीकरणाच्या दिवशी मोर्तब होते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

हे शब्द १९७१ साली पोप सहावे पॉल यांनी ठरविले. त्यापूर्वीचा लॅटिन पाठ निराळा होता, आणि त्यानंतर बिशप मुलाच्या गालावर हलकीशी चापट मारीत. ख्रिस्तासाठी अपमान सोसावयास तयार राहा, असा तिचा अर्थ सांगितला जाई. आजीआजोबांस विचारा, बाकीचे सर्व विसरलेले असले तरी ती चापट त्यांना आठवते! थोरली भावंडे धाकट्यांस तिचा धाक घालीत, आणि प्रत्यक्षात बोटांचा नुसता स्पर्श झाला म्हणजे धाकट्यांचा थोडा हिरमोड होई. नव्या विधीत तिच्या जागी शांतीचे अभिवादन आले आहे. जुनी माणसे हळहळतात, पण मला हा बदल योग्य वाटतो. चापटीच्या गडबडीत तेलाकडे दुर्लक्ष होत असे.

"तर मग त्याच विधीत आम्ही बाप्तिस्म्याची वचने पुन्हा उच्चारतो ती कशासाठी?" असे एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. आरंभी सांगितलेल्या उत्तराचा उगमही बहुधा येथेच असावा. वचने उच्चारली जातात हे खरे, परंतु संस्कार त्या वचनांत नाही. तो हस्तारोपणानंतरच्या तैलाभिषेकात आहे. याचे प्रमाण फार लांब शोधावयास नको. आमच्याच विदर्भात चांदा, म्हणजे चंद्रपूरकडे, सिरो-मलबार पद्धतीचा कॅथलिक धर्मप्रांत १९७७ पासून आहे. पौर्वात्य कॅथलिक मंडळ्यांच्या १९९० सालच्या धर्मसंहितेप्रमाणे तेथे तान्ह्या मुलास बाप्तिस्म्याबरोबरच धर्मगुरूच्या हातून दृढीकरणही देतात. ते बाळ काय वचन देणार? ते तर रडत असते. तरीही त्याचे दृढीकरण तुमच्या दृढीकरणाइतकेच पूर्ण असते, आणि पुढे त्याने आपल्या लॅटिन पद्धतीच्या धर्मग्रामात नाव घातले तरी ते पुन्हा दिले जात नाही. आपल्या पद्धतीतही मूल मरणोन्मुख असल्यास कोणताही धर्मगुरू त्यास, ते कितीही लहान असो, दृढीकरण देऊ शकतो. दृढीकरण हा मुलाचा स्वतःचा जाहीरनामा असता तर या दोन्ही गोष्टी निरर्थक ठरल्या असत्या.

मग मुलाने काहीच करावयाचे नाही काय? वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलास याचे उत्तर आपल्या शेतातच सापडेल. पाऊस शेतकरी पाडीत नाही. पण उन्हाळाभर तो नांगरतो, वखरतो, धसकटे वेचतो, आणि पाऊस पडून गेल्यावर जमिनीस वाफसा येईपर्यंत थांबतो. तेव्हा कोठे सरकी टोबतो. नापेर राहिलेल्या कडक रानावर तोच पाऊस पडतो आणि वाहून जातो. पेंटेकॉस्टचा सण दर वर्षी मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत केव्हा तरी येतो, म्हणजे आपण मृगाकडे डोळे लावून बसलेलो असतो त्याच सुमारास. हा योग मला नेहमी बोधप्रद वाटत आला आहे. लॅटिन पद्धतीत समज येईपर्यंत थांबावयाचे ते या मशागतीसाठी. धर्मतत्त्वे शिकणे, पापनिवेदन करून मन स्वच्छ करणे, रोज थोडी प्रार्थना करणे, घरात कोणाशी अबोला असेल तर तो मोडणे, ही सारी मशागत होय. वचनांची उजळणीही तिच्यातच येते.

अभिषेकापूर्वी बिशप सर्व उमेदवारांवर हात पसरून आत्म्याची सात दाने मागतात. यशया संदेष्ट्याच्या अकराव्या अध्यायावरून ती घेतलेली आहेत, आणि मुले ती तोंडपाठ म्हणून दाखवितात. पाठांतरास माझी हरकत नाही. परंतु सातांपैकी सुमंत्रणा आणि धैर्य ही दोन जोडीने असतात, इकडे मुलांचे लक्ष वेधावेसे वाटते. काय करावे हे कळणे ही सुमंत्रणा. कळल्यावर ते करणे हे धैर्य. परीक्षेच्या दालनात मित्र उत्तरपत्रिका तिरपी करून खुणावतो, तेव्हा काय योग्य हे कोणास कळत नाही? कळते. पण मैत्री तुटेल ही भीती वाटते, म्हणजे कमी पडते ते दुसरे दान. वर्गात एखाद्या गरीब मुलाची त्याच्या बोलीवरून वा जातीवरून थट्टा चालली असता सर्वांबरोबर हसणे सोपे असते. पेत्राच्या शेकोटीपाशी बसावयास आपणांस यरुशलेमेस जावे लागत नाही.

जुन्या पुस्तकांत दृढीकरण झालेल्यास 'ख्रिस्ताचा शिपाई' म्हटलेले आढळते. शब्द वाईट नाही, मात्र मुलांनी त्याचा अर्थ भलता घेऊ नये. हा शिपाई कोणावर चालून जात नाही. आपल्या महाराष्ट्रातीलच उदाहरण घ्या. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू होते, धर्मगुरूही नव्हते. जपानी भाषा त्यांस उत्तम येई, म्हणून दुभाष्याचे काम त्यांच्याकडे आले. १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांस क्रुसावर मारण्यात आले. १८६२ साली त्यांस संतपद मिळाले. त्या सव्वीस जणांत बारा-तेरा वर्षांची मुलेही होती, आपल्या सातवी-आठवीच्या वयाची! त्यांपैकी कोणीही कोणावर शस्त्र उचलले नव्हते. मुलांनी दृढीकरणासाठी एखाद्या संताचे नाव घ्यावयाचे ठरविले, तर गोन्सालो हे नाव आपल्याकडे अधिक ऐकू यावे असे वाटते.

सुज्ञ पालकांस दोन शब्द. दृढीकरण जवळ आले की घरात प्रथम चर्चा कपड्यांची होते, मग छायाचित्रकाराची, मग जेवणावळीची. आनंद करू नये असे नाही. परंतु मुलामागे उभे राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवणारा धर्मपिता किंवा धर्ममाता निवडताना जितका विचार व्हावयास हवा तितका होत नाही. आहेर चांगला करील म्हणून नागपूर-मुंबईचा एखादा सधन नातेवाईक निवडला जातो, आणि संध्याकाळच्या गाडीने तो परत जातो तो पुन्हा दिसत नाही. धर्मसंहितेची अपेक्षा अशी की ती व्यक्ती स्वतः दृढीकरण झालेली, श्रद्धेने वागणारी आणि साधारणतः सोळा वर्षे पुरी केलेली असावी. आईबापांनी मात्र ही जागा घ्यावयाची नसते. बाप्तिस्म्याच्या वेळचीच धर्ममाता वा धर्मपिता पुन्हा उभा राहिला तर फार चांगले. मुलगा पुढे व्यसनी मित्रांत सापडला तर त्याच्या दाराशी जाऊन बसेल असे माणूस निवडा, मग त्याचा आहेर पाच रुपयांचा का असेना.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. दृढीकरण झाल्यावर पुष्कळ मुले मिस्सास येणे सोडतात. धर्मशिक्षणाचा वर्ग संपला, प्रमाणपत्र मिळाले, आता रविवारी शिकवणीचा वर्ग! हे आईबापांच्या डोळ्यांदेखत घडते, आणि कित्येकदा त्यांच्याच संमतीने. "आम्ही आमचा विश्वास पक्का केला" या उत्तराचा हा शेवट आहे. जे आपण पुरे केले ते संपले, असे मुलास वाटते. उलट ज्याच्यावर दुसऱ्याचे मोर्तब आहे, ते पत्र पोहोचवावयाचे असते. कोणत्या वयात हा संस्कार द्यावा यावर विद्वानांत वाद आहेत. कोणी तो लहानपणी, पहिल्या ख्रिस्तप्रसादापूर्वीच द्यावा म्हणतात, कोणी पंधरा-सोळाव्या वर्षी. मला वाटते, वय कोणतेही धरा. त्यानंतरच्या रविवारी घरातील थोरली माणसे कोठे असतात, त्यावर बरेचसे अवलंबून आहे.

आपल्या शाळेत हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती मुले एका बाकावर बसतात, आणि शेजारचा मुलगा विचारतो, "ही तुमची मुंज का?" त्यास हसू नये. साम्य आहेच, दोन्हींत मूल घरच्या छायेतून बाहेर काढून काही एका जबाबदारीवर नेमले जाते. भेद एवढाच सांगावा की दृढीकरण मुलामुलींस सारखेच मिळते, त्यास कुळाची वा वयाची अट नाही, आणि साठीच्या माणसालाही ते घेता येते. अकोला, खामगाव, अमरावती या भागांत अलायन्स मिशनच्या मंडळ्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. जाणतेपणी विश्वास कबूल करून पाण्यात बाप्तिस्मा घ्यावयाचा, अशी त्यांची शिकवण असल्याने त्यांच्याकडे हा विधी नाही. अँग्लिकन परंपरेतून आलेल्या मंडळ्यांत मात्र बिशपांच्या हस्ते दृढीकरण होते. मित्रांशी याविषयी बोलताना वाद घालण्यापेक्षा त्यांचे ऐकून घ्यावे.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. दृढीकरणाची नोंद धर्मग्रामाच्या नोंदवहीत होते, आणि बाप्तिस्मा जेथे झाला तेथील नोंदीसमोरही ती करावयाची असते. वऱ्हाडातील कुटुंबे नोकरीसाठी भुसावळ, नागपूर, पुणे अशी फिरतात. म्हणून मुलाचा बाप्तिस्म्याचा दाखला वेळीच मागवावा, आयत्या वेळी धावपळ करू नये. तसेच, ज्यांचे दृढीकरण काही कारणाने राहून गेले आहे असे मोठे भाऊ, काका, क्वचित आईवडीलही आपल्या घरांत असतात, व आता या वयात मुलांच्या रांगेत कसे उभे राहावे म्हणून संकोचतात. विवाहापूर्वी, मोठी अडचण नसल्यास, दृढीकरण घ्यावे असा धर्मसंहितेचा आग्रह आहे. विवाह होऊन गेला असला तरी दार बंद झालेले नाही. अशांनी आपल्या धर्मगुरूंस भेटून नाव द्यावे. बिशपांच्या पुढील भेटीच्या वेळी बाप आणि मुलगा एकाच रांगेत उभे राहिले, तर मुलगा लाजणार नाही, याची खात्री असावी.